तो निर्णय पुन्हा उघड

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्लांट हेड झाल्याबद्दल पुन्हा एकदा मनापासून अभिनंदन! पण तुझ्या पत्रातला सप्लायरचा मजकूर काही डोक्यातून जात नाही. क्वालिटीच्या मॅडम तू निवडलेल्या नव्या सप्लायरच्या रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे, आकडे घेऊन आल्या, तुलाही ते पटले, तरी ‘आता निर्णय फिरवला तर लोक मला गृहीत धरतील’ म्हणून तू गप्प बसलास. मला हे अजिबात पटलेलं नाही.

आमच्याकडचा गेल्या पावसाळ्यातला प्रसंग सांगतो. बोअरमध्ये, म्हणजे पार्टच्या भोकात, ‘गो’ गेज (भोक पुरेसं मोठं आहे ना, हे घालून बघायचं माप) अगदी सहज जात होतं, पण जोडीचा शाफ्ट मात्र अडत होता. एका ट्रेनी पोराला शंका आली. सुपरवायझर म्हणाला, ‘गेज पास करतंय ना, मग सोड लॉट.’ साहेबांनीही डिस्पॅचला होकार देऊन टाकला होता. पोरगा तरी मीटिंगमध्ये चाचरत बोललाच. साहेब तडक लाइनवर आले, टूल रूममधून दुसरं गेज मागवलं आणि स्वतःच्या हाताने घालून पाहिलं. ते बोअरच्या तोंडाशीच अडलं. जुनं गेज झिजून बारीक झालेलं होतं! साहेब तिथेच, सगळ्या शिफ्टसमोर म्हणाले, ‘लॉट पाठवा म्हणालो होतो, ते रद्द. गाडी थांबवा. या मुलाने विचारलं म्हणून कळलं.’ त्यांचा वचक तसूभरही कमी झाला नाही. उलट, पूर्वी मान खाली घालून काम करणारे ऑपरेटर आता आपणहून बोलायला येतात.

मात्र मत कशामुळे बदललं, हेही लोक बघत असतात. नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचंच बघ. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे इंजिनिअर, त्यांत रॉजर बोजोले, नासाला फोनवर सांगत होते की थंडीत सांध्यांतल्या, गरम वायू अडवणाऱ्या रबरी ओ-रिंग ताठरतात, सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको. कंपनीचंही आधी तेच मत होतं. नासाचे अधिकारी नाराज झाले. मग कंपनीने थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला वरिष्ठांनी सांगितलं की आता इंजिनिअर म्हणून नको, मॅनेजर म्हणून विचार कर. मत फिरलं, कंपनीने उड्डाणाला होकार दिला. नवा आकडा एकही आला नव्हता. एरवी ‘सुरक्षित आहे हे दाखवा’ म्हणायचे, त्या रात्री इंजिनिअरांकडे ‘धोका आहे हे सिद्ध करा’ अशी मागणी झाली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. ते वाचलं की आजही जीव कळवळतो रे. धोका ठाऊक असलेली माणसं त्याच खोलीत बसली होती, बोललीही होती.

तुझ्याकडे तर आकडे आहेत. ते बघून निर्णय फिरवलास तर कोण कशाला तुला गृहीत धरेल? आकडे बघूनही तू तसाच रेटत राहिलास, तर मॅडम पुढच्या वेळी आकडे आणणार नाहीत, याची मला खरी काळजी वाटते. आणि त्या आणत नाहीयेत हे तुला कळणारसुद्धा नाही.

तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये आधी मॅडमना बोलू दे, मग ज्युनिअर मुलांना. तू शेवटी बोल. निर्णय बदललास तर कोणत्या आकड्यामुळे बदलला, तेही सगळ्यांसमोर सांग. खरेदीवाले कुरकुरतील, कुरकुरू देत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मीटिंगचं काय झालं ते लगेच कळव.

तुझाच