डावीकडची चटणी उजवीकडे कशी गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘आपली खाद्यसंस्कृती’ या विषयाला चांगली दोन पानं दिलीत, त्याबद्दल आभार. त्यातला मधला मोठा फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. केळीच्या पानावर पुरणपोळी, मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, सगळं देखणं. पण चटणी-कोशिंबीर उजवीकडे आणि बटाट्याची भाजी डावीकडे! लिंबाची फोड तर भातातच खोचलेली. फोटोवाल्याला रंग जमवायचे असतील. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी ते पान परत मांडायला लावलं असतं आणि तोवर कुणाला पाटावर बसू दिलं नसतं.

नुसतं खुसपट काढायला हे पत्र लिहीत नाहीये. (खाली नारायण पेठ वाचून तुम्हाला तसंच वाटणार, म्हणून आधीच सांगते.) १९८५ साली लग्न होऊन मी या पेठेत आले तेव्हा सासूबाई घरातच खाणावळ चालवायच्या. आता तिला मेस म्हणतात आणि ती मी चालवते. साठ-सत्तर मेंबर, त्यातले निम्म्याहून जास्त स्पर्धा परीक्षेवाले. रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री बंद, महिन्याला चारच्या वर खाडे धरत नाही. चाळीस वर्षं वाढते आहे, तेव्हा जेवणाऱ्याच्या पानाबद्दल थोडं बोलायचा हक्क घेते.

पानाची रीत अशी: वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, उसळ. मधे भाताची मूद, त्यावर वरण, वरून तूप. डावीकडचं बोटानं चाखायचं आणि उजवीकडचं घासानं खायचं, हा सासूबाईंचा हिशेब. वाढप्याला त्यामुळे बघावं लागत नाही. चटणीवाला पंगतीतून चालत जातो आणि त्याचा हात आपोआप तिथेच पडतो. जेवणाराही भात कालवताना मधेच मान वर करून ‘हे काय आहे हो?’ असं विचारत नाही. तुमच्या दोन पानांत मी पदार्थांची नावं मोजली, सत्तावीस भरली. पण ते कोण वाढतं, आधी कोण बसतं आणि मागून कोण, दुसऱ्यांदा कोण मागतं आणि कोण मागत नाही, याची एक ओळ नाही. मला तर एखादं घर कळतं ते त्यावरूनच. पुरणपोळी काय, सगळीकडे गोडच असते.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं. पुण्यापासून सत्तर किलोमीटरसुद्धा नसेल, पण तिकडे बाजरी आणि इकडे भात. सासरी पहिल्या दिवशी आमटीचा भुरका मारला आणि वाटलं, कुणाचा तरी हात चुकून गुळावर पडला. नंतर कळलं की चुकून नाही, रोजच पडतो. चार महिने मी पदराआड हिरवी मिरची धरून जेवले. सासूबाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, हे त्यांनी मला वीस वर्षांनी सांगितलं.

१९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. मिलोची भाकरी थापताना कडेनं चिरायची. आई पाण्याच्या हातानं तुकडे जोडत जोडत ती तव्यावर टाकायची. आमच्या घरात तेव्हापासून कुणी पानात टाकत नाही. माझे यजमानही पानात काही टाकत नाहीत, पण त्यांना ते अशिष्ट वाटतं. मला भीती वाटते. एकाच ताटाळ्यातली दोन स्वच्छ ताटं, पण कारणं अशी वेगळी.

आता मेंबरांचं सांगते. नव्या मुलाला मी गाव विचारत नाही, आधी जेवू देते. मंगळवेढ्याचा एक मुलगा पहिल्या रात्री म्हणाला, ‘काकू, कोरड्यास काय आहे?’ यजमानांनी त्याला प्रेमानं शेंगदाण्याची कोरडी चटणी आणून दिली. तो बिचारा ताटाकडे बघत बसला. कोरड्यास म्हणजे कोरड्या भाकरीला लावून खायचं कालवण, भाजी, आमटी, जे असेल ते. त्याच्या गावची ज्वारी नावाजलेली, मालदांडी. सुट्टीहून येताना आईनं दिलेलं दहा किलो पीठ घेऊन आला आणि म्हणाला, ‘तुमच्या भाकरीला चव नाही, काकू, राग मानू नका.’ राग मानला. पण पीठ वापरलं, आणि तो म्हणाला ते खरं होतं.

दुसरी गंमत पोळीची. फळ्यावर मी लिहिलं, ‘उद्या सकाळी: पोळी, फ्लॉवरची भाजी.’ लातूरकडची दोन पोरं दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून साडेदहालाच हजर. त्यांच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची, आणि आपण जिला पोळी म्हणतो ती चपाती. फ्लॉवर बघून त्यांचे चेहरे असे झाले की मला पुढच्या रविवारी पुरण घालावंच लागलं. तेव्हापासून फळ्यावर चपाती लिहिते. पेठेतल्या दोन-तीन ओळखीच्या बायकांनी त्यावरून मला टोकलं, जसं काही मी सोवळं सोडून दिलं. शब्द एवढासा, पण पोळी म्हणणारा आणि चपाती म्हणणारा एकमेकांना पहिल्या वाक्यात ओळखतात आणि पुष्कळदा पहिल्या वाक्यातच तोलतात. हे तुमच्या पुरवणीत यायला हवं होतं.

एकादशीलाही असंच. मी म्हणते वऱ्याचे तांदूळ, नाशिकची मुलगी म्हणते भगर. साबुदाण्याच्या खिचडीवरून तर एका परीक्षार्थीनं माझी शिकवणीच घेतली. साबुदाणा कसावाच्या कंदापासून होतो, तामिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने. कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं आणि पोर्तुगीज इकडे आल्यानंतरचं. म्हणजे आपल्या उपासाला परदेशी पाहुणे चालतात आणि हजारो वर्षं इथे असलेला लसूण चालत नाही. मी त्याला म्हटलं, हे पेपरात लिही, इथे खिचडी गार होतेय.

आणि एक मुलगा होता, गाव सांगत नाही. थाळी अनलिमिटेड, पण तो दुसऱ्यांदा काही घ्यायचा नाही. मी भात घेऊन गेले की ताटावर आडवा हात धरायचा. मला वाटायचं, आपला स्वयंपाक आवडत नसेल. गुळाचा संशय तर मला कायमच असतो. दोन महिन्यांनी त्याची आई आली. तिला जेवायला बसवलं, तर तिनेही तसाच हात धरला. मग बोलता बोलता म्हणाली की घरात सात माणसं, पातेलं एक. दुसऱ्यांदा घेतलं की शेवटच्याला कमी पडतं. आणि शेवटची कोण, ते मी विचारलं नाही. आमच्या पिढीच्या बायकांना ते विचारावं लागत नाही. आपण आग्रह हा मोठा गुण मानतो, एक जिलबी जास्त वाढली की पाहुणचार झाला. त्या मुलाला माझ्या आग्रहाचा किती त्रास झाला असेल! त्याच्यासाठी मग मी पहिल्यांदाच जास्त वाढायला लागले. विचारायचंच नाही.

तुमच्या लेखात ‘पुणेरी पंगतीची थोर परंपरा’ असं वाक्य आहे. परंपरा आहे, नाही कशाला म्हणू. गरीब विद्यार्थी माधुकरी मागून, वार लावून इथे शिकले. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. पण वार कुणाच्या मुलाला मिळायचा आणि कुणाच्या नाही, हेही त्याच परंपरेत बसतं. याच शहरात महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो बाहेर पाणी मिळत नव्हतं म्हणूनच. आणि १८९० सालचं पंचहौद मिशनचं चहाचं प्रकरण. टिळक, रानडे, गोखले अशी मंडळी मिशनऱ्यांकडे गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. मग ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, आणि टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त. एका पेल्यावरून! आज त्याच पुण्यात दर चौकात अमृततुल्य आहे आणि कपाला कोण शिवलं हे कुणी बघत नाही. निदान चौकात तरी नाही.

दुसऱ्यांच्या घरातलं सांगून आपलं लपवायचं, हे बरं नाही. आमच्या खाणावळीत मी आले तेव्हा नवीन मेंबरला आधी आडनाव विचारायचे. सासूबाई वाईट नव्हत्या. आजारी मुलांना मऊभात-मेतकूट करून खोलीवर पाठवायच्या, पैसे थकले तरी ताट बंद करायच्या नाहीत. पण आडनाव विचारायच्या, आणि काही आडनावांना ‘जागा भरली’ म्हणायच्या. जागा असायची, मी वाढत होते, मला दिसायचं. मी त्यांच्या समोर काही बोलले नाही. त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि वही माझ्या हातात आली, तेव्हा मी आडनावाचा रकाना काढून टाकला, नाव आणि फोन नंबर एवढंच ठेवलं. त्यांनी वही पाहिली, पान उलटलं, आणि ‘तेलाचा डबा संपत आलाय’ म्हणाल्या. इतकंच झालं.

असं सगळं एका स्वयंपाकघरात भरलेलं असताना तुम्ही पुन्हा पुन्हा मिसळ, बाकरवडी आणि मस्तानीवर येता, याचा कंटाळा येतो हो. आमच्या पेठेत सकाळी सगळ्यात जास्त काय खातात माहीत आहे? फोडणीची पोळी. कालची उरलेली, चुरून, कांदा घालून. तिचा फोटो मी आजवर एकाही पुरवणीत पाहिलेला नाही. शिळं, उष्टं, खरकटं, निवदाचं, मागचं, भांड्याच्या तळाशी लागलेली खरवड, एवढे शब्द आपण जपून ठेवलेत ते काही उगाच नाही.

माझी सूचना अशी. दर रविवारी एका घराचं एका दिवसाचं जेवण छापा. सणाचं नको, साधं मंगळवारचं. काय केलं, कुणी केलं, कोण कधी जेवलं, काय उरलं आणि उरलेल्याचं काय झालं. एकदा पेठेतलं, एकदा येरवड्यातलं, एकदा कॅम्पातलं, एकदा ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या कोपीतलं. मोठा लेख नको, चौकट पुरे. पहिली माझी घ्या, पाहिजे तर. काल सकाळी चपाती, दोडक्याची भाजी, भात, आमटी, काकडीची कोशिंबीर. रात्री पिठलं-भाकरी. अकरा चपात्या आणि थोडा भात उरला. आम्ही दोघं साडेतीनला जेवलो, यजमान आधी बसले आणि मी मागून. ही सवय मात्र मला मोडता आलेली नाही. चपात्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

फोटोग्राफरला पाठवा, पान मी स्वतः मांडून देईन. फक्त साडेअकराच्या आत पाठवा. त्यानंतर मुलं येतात आणि हल्ली आमटीत गूळ नसतो म्हणून गर्दी असते. पेठेतल्यांसाठी तो वाटीत वेगळा ठेवलेला आहे.

आपली,
एक खाणावळवाली
नारायण पेठ, पुणे

(नाव छापू नये. मुलं ओळखतीलच.)