मॅडम, तो रेघांचा कागद अजून जपून ठेवलाय

आदरणीय मॅडम,

हे आभार चार वर्षं उशिरा मानतोय. तेव्हाच मानले असते तर ते तोंडदेखले ठरले असते, कारण तेव्हा मला तुमचा रागच आला होता.

टीम लीडर होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. कुणी अडचण घेऊन आलं की त्याचं वाक्य संपायच्या आत मी उत्तर त्याच्या हातावर ठेवायचो. दिवसभर टेबलापाशी रांग. आपल्यावाचून पान हलत नाही, याचं सुख काही औरच असतं! एकदा तुम्ही माझ्या मीटिंगला कोपऱ्यात येऊन बसलात आणि नंतर एक कागद पुढे सरकवलात. एका बाजूला 14 रेघा, दुसऱ्या बाजूला 2. "ही तू दिलेली उत्तरं, हे तू विचारलेले प्रश्न." त्या दोनांतला एक तर प्रश्नही नव्हता. "आधी क्लायंटशी बोलावं असं नाही वाटत तुला?" हा सल्लाच, शेपटीला प्रश्नचिन्ह लावलेला.

मग तुम्ही माझा 'का' काढून घेतलात. "उशीर का झाला?" म्हटलं की समोरचा स्वतःचा वकील होतो. "कुठे अडलं?" म्हटलं की तो कामाकडे बघायला लागतो. आणि विचारून झालं की गप्प बसायचं, मनात 10 पर्यंत मोजायचं. पहिल्यांदा मी 4 वर फुटलो. ज्या दिवशी 9 पर्यंत टिकलो, त्या दिवशी समोरची मुलगी म्हणाली, "खरं सांगू? मला तो रिपोर्ट कळलेलाच नाही." तीन महिने ती माझ्या उत्तरांना मान डोलवत होती.

मोटार रेसिंगमधून आलेल्या जॉन व्हिटमोर यांच्यामुळे गाजलेलं, प्रश्न विचारत समोरच्यालाच वाट शोधायला लावणारं 'ग्रो' मॉडेलही तुम्हीच शिकवलंत, त्याच्या चार पायऱ्या: कुठे पोहोचायचंय, आज कुठे आहोत, वाटा कोणत्या, आणि नक्की काय करणार. मी ते सरकारी फॉर्म भरावा तसं वापरायला लागलो तेव्हा तुम्ही हसलात. "चौथ्यावर थांब जरा. काय करणार, कधी, आणि तुला कसं कळणार, हे त्याच्या तोंडून येऊ दे." बाकी तिन्हींत लोक छान बोलतात, घसरतात ते इथेच.

एक कबुली. नवशिक्याला आधी सरळ दाखवून द्यायचं, हे तुम्ही बजावलं होतंत. तरी उत्साहाच्या भरात मी नव्याने रुजू झालेल्या एकाला विचारलं, "तुला कोणकोणते मार्ग दिसतात?" बिचाऱ्याला फक्त सर्व्हरचा पासवर्ड हवा होता.

तो कागद ड्रॉवरमध्ये आहे. आता रेघा मीच मारतो. मंगळवारचा हिशोब: उत्तरं 8, प्रश्न 6. त्यातले दोन शेपटीवाले.

तुमचा,
14 रेघांवाला