चिऊसाठी बाग विकू नका

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, बागेला गिऱ्हाईक आलंय असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात, तेव्हा मी गप्प राहिलो. बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय. आमच्या चिऊला ऐकू येत नाही, पण तिच्या कानाच्या मशीनसाठी बाग विकू नका. पैसेच लागले असते तर मी हक्कानं मागितले असते. ते मशीन, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, पात्र मुलांना केंद्र सरकारच्या ॲडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेतूनही मिळतं. अडचण नसेची आहे.

इम्प्लांटची तार कानाच्या आत, कॉक्लिया नावाच्या शंखासारख्या भागात बसवतात. ती विजेचे बारीक ठोके देते आणि ते मेंदूपर्यंत न्यायला श्रवणाची नस लागते. चिऊच्या एमआरआयमध्ये उजवीकडे ती नस दिसतच नाही, डावीकडे आहे ती अगदी दोऱ्याएवढी. आपल्या गल्लीतल्या ज्या मुलाला इम्प्लांट बसवलं, त्याची नस शाबूत होती, म्हणून तो बोलायला लागला. डाव्या कानाचं काय करायचं ते डॉक्टर ठरवताहेत. बसवलं तर तिला आवाजाची चाहूल लागेल, पण बोलणं समजेलच, असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

तुम्ही पाठवलेलं कात्रणही वाचलं. थेट मेंदूच्या देठावर इलेक्ट्रोड बसवायचं ते ऑपरेशन १९७९ साली लॉस एंजेलिसला पहिल्यांदा झालं, तेही गाठीमुळे नस गमावलेल्या मोठ्या माणसासाठी. आता ते काही लहान मुलांवरही करतात. पण त्यासाठी कवटी उघडावी लागते, आणि चिऊच्या मेंदूच्या मागच्या भागाची, ज्याला लहान मेंदू म्हणतात त्याची, घडणच वेगळी आहे. हृदयाच्या ऑपरेशनमधून नुकतं सावरलेलं लेकरू पुन्हा टेबलावर ठेवायला आम्ही दोघंही तयार नाही.

आई, आता तुला सांगतो. हृदयाचं छिद्र, डोळ्यातली खाच, कान, मेंदू ही चार वेगळी दुखणी नाहीत. सगळ्याचं मूळ एकच, चार्ज सिंड्रोम. सीएचडी७ नावाच्या जनुकात बिघाड झाला की गर्भातच हे अवयव नीट घडत नाहीत. हे २००४ साली सापडलं. बहुतेक मुलांत हा बिघाड नव्यानंच होतो, आईबापांकडून आलेला नसतो. ग्रहणात भाजी चिरल्यानं असं काही होत नाही. बारशाला मावशी जे बोलली ते तुझ्या सुनेच्या अजून मनात आहे. पुन्हा कुणी तो विषय काढला, तर तूच गप्प कर. तुझा शब्द तिथं चालतो.

आणि मालिशवाल्या बाईला बोलावू नकोस. चिऊ उशिरा चालतेय ती पाय कच्चे म्हणून नाही. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तिच्या दोन्ही कानांत त्या घडलेल्याच नाहीत. ती डोळ्यांच्या आधारानं तोल धरते, म्हणून अंधार झाला की पडते. ती आली की माजघरातला दिवा रात्रभर चालू ठेवा. तिला वासही येत नसावा, कारण मेंदूतला वासाचा भाग स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून गॅसकडे आम्ही फार लक्ष ठेवतो. तिथं तुम्हीही ठेवा.

बागेऐवजी मला तुमच्याकडून रोजचा थोडा वेळ हवाय. खुणांची भाषा शिका. कानावाटे भाषा पोचत नसेल तर ती हातांवाटे पोचली पाहिजे, आणि आत्ताच. या वयात मेंदूला भाषा मिळाली नाही, मग ती खुणांची का असेना, तर पुढं भरून काढणं फार अवघड जातं. आवाजाची वाट बघत ही वर्षं घालवायला माझा जीव धजत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश व्हिडिओंच्या रूपात फुकट बघायला मिळतो. दादाच्या पोरांना लावून द्यायला सांगा.

सध्या ‘दूध’, ‘अजून’, ‘झालं’ आणि ‘आई’ एवढंच शिका. ‘अजून’ ती स्वतःहून करते. पोळीचा तुकडा संपला की दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आपटते आणि मिळेपर्यंत थांबत नाही. खूण करताना हात छातीसमोर ठेवा, कारण डोळ्यातल्या खाचेमुळे तिला वरच्या बाजूचं नीट दिसत नाही. खिडकीकडं पाठ करून बसू नका, तुमचं तोंड काळोखात जातं.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतो. बाबा, गिऱ्हाइकाला त्याआधीच नाही म्हणून कळवा.

तुमचा,
बाळू