ग्लोव्हवरची ती झीज

लाडक्या लेकीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तुझ्या गोल्फ स्विंगचे तिन्ही व्हिडिओ पाहिले. चार-पाच वेळा पाहिले, शेवटी वेग कमी करूनही पाहिले. पहिल्यात तुझा बॅकस्विंग आखूड आहे, म्हणजे क्लबची काठी मागे फारशी वर जात नाही. दुसऱ्यात क्लब पार डोक्यामागे जाऊन जमिनीला समांतर होतोय. तिसऱ्यात तू टॉपला, म्हणजे सगळ्यात वर, जाऊन क्षणभर थांबतेस. तीन आठवड्यांत तीन वेगळ्या मुली खेळताहेत असं वाटलं. बॉल मात्र तिन्हीत एकच गोष्ट करतोय. निघतो सरळ आणि अर्ध्या वाटेवर उजवीकडे वळत जातो. आणि खाली तुझा मेसेज, "बाबा, आता काय बदलू?"

त्याचं उत्तर मला व्हिडिओत सापडलं नाही, तुझ्या कपाटात सापडलं. परवा आवरताना तुझा जुना ग्लोव्ह हाती लागला. तळहाताच्या खालच्या अंगाला, करंगळीच्या रेषेत मनगटाजवळ जो मांसल उंचवटा असतो, तिथलं चामडं घासून आरपार गेलंय. बोटांच्या मुळाशी मात्र ते अजून नव्यासारखं आहे. दिव्याखाली धरून मी तो बराच वेळ पाहत बसलो. ग्लोव्ह तिथे झिजतो तो क्लब हातात सरकतो म्हणून. आणि क्लब सरकतो तो बोटांऐवजी तळव्यात धरलेला असतो म्हणून. मग पुन्हा दुसरा व्हिडिओ लावला आणि टॉपला थांबवला. तुझ्या डाव्या हाताची शेवटची तीन बोटं उघडलेली आहेत, दांडा आणि ग्लोव्ह यांच्यामधून चक्क पलीकडचा उजेड दिसतोय. खाली येताना तू तीच बोटं पुन्हा आवळतेस. या उघडण्या-आवळण्यात क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, कधी किती फिरेल याचा काही नेम नाही. बॅकस्विंग लांब कर की आखूड कर, फेस तुझ्या ताब्यात यायचा नाही.

म्हणून बदलायचं असेल तर एवढंच बदल: ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत. बाकी सगळं आहे तिथे राहू दे.

डावा हात मोकळा सोडून उभी राहा. तो मांडीशेजारी जसा आपोआप लोंबतो, तसाच क्लबवर आला पाहिजे. क्लब बोटांमध्ये तिरका ठेव, तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत. आधी बोटं मिट आणि मग तो मांसल उंचवटा दांड्याच्या वर टेकव, बाजूला नको. नीट धरलास का हे तपासायचं तर उजवा हात काढून घे आणि क्लब समोर उचल. फक्त वाकवलेली तर्जनी आणि तो उंचवटा एवढ्यावर क्लब तोलून राहिला पाहिजे. तळव्यात धरला असेल तर तिथेच लुढकेल. मग खाली बघ. डाव्या मुठीचे दोन सांधे दिसायला हवेत. तुझा बॉल उजवीकडे जातो, म्हणून तिसरा अर्धवट दिसला तरी चालेल. अंगठा आणि तर्जनीमध्ये पडलेली घडी उजव्या खांद्याच्या रोखाने असू दे.

उजवा हात त्यावर कसा बसवायचा यावर लोक तासन् तास वाद घालतात. ज्या ग्रिपला जुन्या काळच्या गोल्फर हॅरी वॉर्डनचं नाव मिळालं, तिच्यात उजवी करंगळी डाव्या बोटांवर नुसती टेकते, आणि वॉर्डनने सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स बोटं एकमेकांत गुंफतात. तुझी बोटं माझ्यासारखी आखूड आहेत, तू गुंफतेस तेच बरं आहे. जोर किती लावायचा? वारा पडलेला असताना आपण छत्रीचा दांडा धरतो तेवढा. पण जो काही जोर असेल तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहिला पाहिजे. तुझा बिघाड नेमका इथे आहे.

फेसबद्दल मी इतका हट्ट का धरतो, तेही सांगतो. बॉल आणि क्लब यांचा संपर्क सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग टिकतो. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे त्या घडीला फेस कुठे पाहतोय यावर बहुतांशी ठरतं. नंतर तो वळणार किती, हे ठरतं क्लबचा मार्ग आणि फेस यांच्यातल्या फरकावर. तुझा क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे येतोय, फेस टार्गेटकडे आहे, म्हणून बॉल सरळ निघतो आणि उजवीकडे वळतो. आता नुसता हिशोब कर. दिशा एका अंशाने चुकली तर दीडशे मीटरवर बॉल अडीच मीटरपेक्षा जास्त लांब जातो. त्यात वळण धरलेलंच नाही. आणि टॉपपासून बॉलपर्यंत क्लब यायला लागतो सुमारे पाव सेकंद. तेवढ्या वेळात "फेस उजवीकडे उघडा आहे, बंद करते" असं मनात म्हणूनही होत नाही, दुरुस्ती तर लांबच. जे काही ठरवायचं ते क्लब हलण्याआधी ठरवून ठेवायला हवं. माझ्या मते गोल्फमधला हाच भाग खऱ्या अर्थाने आपल्या हातात असतो.

तू लिहिलंयस की तुला "नीट दिसणारा" स्विंग हवाय. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग एकदा शोधून बघ. क्लब बाहेरच्या बाजूने ताठ वर जातो, टॉपला एक मोठी गिरकी घेतो आणि आत पडून बॉलवर येतो. पाहणाऱ्याला वाटावं, याचा क्लब बॉलला लागणारच कसा? त्याला खेळ शिकवला त्याच्या वडिलांनी, माइक फ्युरिक यांनी, आणि लोक काहीही म्हणोत, त्यांनी मुलाची ती गिरकी काढून टाकली नाही. २००३ मध्ये त्या मुलाने यूएस ओपन जिंकली. २०१६ मध्ये त्याने पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत अठरा होलचा राउंड ५८ फटक्यांत संपवला, इतका कमी स्कोअर तिथे त्याआधी कुणीच केला नव्हता. त्या वडिलांबद्दल मला फार आदर वाटतो. आपलं मूल चारचौघांपेक्षा वेगळं काही करत असताना हात आवरून धरणं किती कठीण असतं, ते बाप झाल्यावर कळतं. मलाही तुझा स्विंग पाहताना दहा गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पण गिरकी मुद्दाम शिकू नकोस हं. फ्युरिकने ती लहानपणापासून हजारो वेळा केलीय. आपल्यासारख्यांना कमी हालचाली असलेला स्विंग सोपा जातो, कारण जितके भाग हलणार तितक्यांची वेळ जुळवावी लागणार. कॅनडाचा गोल्फर मो नॉर्मन सरळ बॉल मारण्यासाठीच ओळखला जायचा. तो पाय चांगले फाकवून उभा राहायचा, हात लांब ताणलेले, आणि क्लब बॉलच्या मागे चांगला फूटभर अंतरावर टेकवलेला. म्हणजे बॅकस्विंगचा पहिला गोंधळाचा तुकडाच त्याने काढून टाकला होता. दिसायला विचित्र, पण रोज तसंच. तू त्याच्यासारखी उभी राहावीस असं मी म्हणत नाही. खांदे वळव, हात त्यांच्याबरोबर जातील तेवढेच जाऊ दे, पहिल्या व्हिडिओतला आखूड बॅकस्विंग तुला शोभतो. सेव्हन आयर्नला (मधल्या पल्ल्याचा क्लब) बॉल पायांच्या मध्याच्या किंचित पुढे, ड्रायव्हरला (सर्वांत लांब पल्ल्याचा) डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. शॉट संपल्यावर वजन डाव्या पायावर, आणि बॉल पडेपर्यंत तशीच उभी. तोल जात असेल तर आधी कुठेतरी घाई झालीय.

घाईवरून आठवलं. तुझा टेम्पो, म्हणजे स्विंगची लय, क्लबगणिक बदलते, जवळच्या शॉटच्या वेजला संथ आणि ड्रायव्हर हातात आला की झपकन. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग साधारण डाउनस्विंगच्या (क्लब खाली बॉलवर आणण्याच्या) तिप्पट वेळ घेतो. मनात एक-दोन-तीन म्हणत वर जा आणि चारला बॉल. सगळ्या क्लबना तेच मोज.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तू लहान होतीस तेव्हा मी आरशासमोर क्लब घेऊन उभा राहायचो, तुला आठवत असेल. दर रविवारी माझा नवा स्विंग असायचा. कुणी म्हणालं डोकं हलतंय की डोकं, कुणी म्हणालं कोपर की कोपर. वर्षानुवर्षं असंच चाललं. एका स्पर्धेत शेवटच्या होलवर मी एका शॉटने पुढे होतो. समोर पाणी, हातात फाइव्ह आयर्न. बॉलवर उभा राहिलो तेव्हा डोक्यात चार सूचना होत्या, आणि आज कुठला शॉट निघेल हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. क्लब बॉलच्या माथ्यावर लागला आणि बॉल सरपटत पाण्यात गेला. हरल्याचं दुःख विरलं. पण इतकी वर्षं खेळून आपला बॉल कुठे जाईल ते आपल्याला सांगता येत नाही, हे मनाला फार लागलं.

त्यानंतरचा अख्खा सीझन मी काहीही बदललं नाही. तीच ग्रिप, तोच उभं राहायचा प्रकार, तोच आकडा मोजायचा. बॉल लांब जायला लागला नाही. पण तीनेक महिन्यांनी लक्षात आलं की माझे चुकलेले शॉट सगळे डावीकडेच जाताहेत, आणि साधारण तेवढेच. उजवीकडे एकही नाही. मग मी ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, उजव्या काठाला नेम धरू लागलो. चांगला लागला तर बॉल ग्रीनवर, चुकला तर झेंड्याजवळ. उजवीकडचा वाळूचा बंकर माझ्यापुरता जणू नाहीसाच झाला. लोक म्हणतात तो पुन्हा पुन्हा करता येणारा स्विंग म्हणजे माझ्या लेखी हाच. चूक होते, पण ती कुठे होणार हे ठाऊक असतं. तुझी चूकसुद्धा आज एकाच बाजूला आहे, पोरी. तू तीन स्विंग बदललेस तरी ती तशीच राहिली. मला तर ही आशेची गोष्ट वाटते, कारण मूळ एकच आहे.

पुढचे सहा आठवडे असं कर. पहिले दोन आठवडे पूर्ण स्विंग नको. पाय जुळवून उभी राहा आणि सेव्हन आयर्नने कमरेपासून कमरेपर्यंत अर्धेच शॉट मार. पाय जुळलेले असले की हातांनी ओढाताण केली तर तोल लगेच जातो, सांगायला मी तिथे लागणार नाही. प्रत्येक बॉलनंतर दोन्ही हात क्लबवरून पूर्ण काढ आणि ग्रिप पहिल्यापासून बांध. कंटाळा येईल. पन्नास बॉल मारायचे असतील तर तीसच मार, पण ग्रिप तीस वेळा बांधली गेली पाहिजे. सुरुवातीला क्लब परक्यासारखा वाटेल आणि काही बॉल डावीकडे जातील. घाबरून जुनी ग्रिप धरू नकोस.

गवतावर सराव करायला मिळाला तर जमिनीवर एक रेघ ओढ आणि बॉल न ठेवता दहा स्विंग घे, दर वेळी थोडी पुढे सरकत. गवत कुठे उडतंय ते वाकून बघ. रेघेवर किंवा तिच्या टार्गेटकडच्या बाजूला उडायला हवं, कारण आयर्नने आधी बॉल आणि मग जमीन. दहापैकी किती खुणा एका जागी आल्या, तो आकडा मला कळव. बॉल कुठे गेला यापेक्षा मला त्यात जास्त रस आहे. मॅट असेल तर बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेव आणि त्याला लागू देऊ नकोस.

पूर्ण स्विंगवर आलीस की शेवटचे वीस बॉल एकाच क्लबने मारत सुटू नकोस. दर बॉलला क्लब बदल, टार्गेट बदल, मागे जा, पुन्हा चालत ये. कोर्सवर तोच शॉट लागोपाठ दोनदा कुठे मिळतो? निकलॉस बॉलच्या पुढे काही फुटांवर एखादं पान किंवा डाग निवडायचा आणि फेस त्याच्याकडे लावायचा. लांबच्या झेंड्यापेक्षा ते सोपं पडतं. आणि अठरा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकणारा हा माणूस दर सीझनच्या सुरुवातीला जॅक ग्राउट या आपल्या गुरूकडे जाऊन ग्रिप आणि उभं राहणं यापासून पुन्हा सुरुवात करायचा. तू आत्ता ग्रिपकडे परत जातेयस याची लाज वाटून घेऊ नकोस.

व्हिडिओ आठवड्यातून एकदाच घे आणि एकाच जागेवरून: कॅमेरा हातांच्या उंचीवर, तुझ्या पायांच्या रेषेत, मागच्या बाजूने. या वेळी तिन्ही वेगवेगळ्या कोनांतून आहेत, त्यामुळे त्यांतला काही फरक कॅमेऱ्याचाच असेल.

नवा ग्लोव्ह घेतलास की आतल्या बाजूला पेनाने तारीख घाल. सहा आठवड्यांनी मला स्विंगचा व्हिडिओ नको, त्या ग्लोव्हच्या तळव्याचा फोटो पाठव. जुना मी जपून ठेवलाय, दोन्ही शेजारी ठेवून बघेन.

तुझा,
बाबा