शमे, तुझंच नाव आलं

सांगली,
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय शमे,

जिवंत आहे. दिवाळीनंतर पत्र नाही, फोन नाही, यावर तुला जे काय बोलायचंय ते मनातल्या मनात बोलून घे आणि मग पुढे वाच. माझी शुगर आहे तिथंच आहे, ह्यांनी कंबर धरलेलीच आहे, सासूबाई ठणठणीत. झालं.

लिहायला बसले कारण रेवा माझ्याशी धड बोलत नाहीये आणि त्याला कारण तू आहेस. घाबरू नकोस, तू काही केलेलं नाहीस.

नणंदेनं तिला एका जपानी मांगाचे, म्हणजे चित्रकथेचे, इंग्रजीतले दोन जाडजूड खंड पाठवले. ‘द पो क्लॅन’, मोतो हागिओ नावाच्या बाईंचं. रक्तपिपासूंची गोष्ट. उघडून बघितलं तर कुरळ्या केसांचा, टपोऱ्या डोळ्यांचा पोरगा आणि भोवती गुलाब. म्हटलं, हे कसलं भूत, याला आपल्या गॅदरिंगमध्ये कृष्णाचं काम दिलं असतं. रेवा म्हणाली, ‘आई, आधी वाच, मग बोल.’ वाचलं. भात करपला, पण वाचलं.

शमे, माळ्यावर बसून धारप वाचायचो तेव्हाचं आपलं भांडण आठवतंय ना? तुझं म्हणणं, रात्री एकटीला मोरीकडे जाता आलं तर ती भुताची गोष्टच नाही. माझं म्हणणं, भुताचं वाईट वाटलं पाहिजे. तू मला रडूबाई म्हणालीस, ते सुमीसमोर म्हणालीस आणि पुस्तकाचा दंडही मलाच भरायला लावलास. तर घे आता. या बाईंनी १९७२ साली, वयाच्या तेविशीत, माझी बाजू मांडून ठेवलीय. नवख्या पोरीला लांबलचक मालिका द्यायला संपादक तयार नव्हते, म्हणून तिनं सुट्या सुट्या छोट्या गोष्टी लिहीत १९७६ पर्यंत ती मालिका होऊच दिली. १९७४ मध्ये पहिलं पुस्तक निघालं, त्याच्या ३०,००० प्रती तीन दिवसांत संपल्या. तेव्हा आपण दोघी जन्मालाही आलो नव्हतो.

तो कुरळ्या केसांचा पोरगा, एडगर, १४ वर्षांचा आहे आणि कायम १४ चाच राहणार. त्याला नि त्याच्या बहिणीला, मेरीबेलला, लहानपणी रानात टाकून दिलेलं. सांभाळलं ते या पो लोकांनी, म्हणजे रक्तपिपासूंच्या कुळानं, आणि मोठा झाल्यावर त्यांच्यातला व्हायचं त्यानं कबूल केलं, बहिणीला सोडा या अटीवर. पण गावकऱ्यांना सुगावा लागला आणि मोठं व्हायच्या आतच त्याचं रक्त बदललं. पुढं त्यानं मेरीबेललाही आपल्यासारखं करून घेतलं. का, तर करमेना.

रक्त फारसं नाहीच. गुलाबावर भागवतात बिचारे. भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. थोडी वर्षं झाली की गाव बदलायचं, कारण पोरं वाढत नाहीत हे लोकांच्या लक्षात येतं. (आपल्या वाड्यात काकूंच्या महिन्याभरात लक्षात आलं असतं.) गोष्टी कालक्रमानं येत नाहीत. कधी अठरावं शतक, कधी विसावं, मध्येच मागे. एका गोष्टीत तर ही पोरं नावालाच आहेत. एक इंग्रज मुलगी, तिच्या वडिलांची डायरी, ती लग्न करून जर्मनीत जाते, दोन महायुद्धं बघते, म्हातारी होते. मोजक्या पानांत सगळं आयुष्य. त्या डायरीतलं गुलाबांचं गाव तेवढं आहे तसंच राहतं. मी पदर लावला डोळ्याला. हस.

मग मेरीबेल जाते. देह मागे राहत नाही, काहीच राहत नाही. त्याच रात्री एडगर अ‍ॅलनच्या खिडकीत येतो. अ‍ॅलन म्हणजे श्रीमंत घरचा, आढ्यताखोर, आजारी आईचा एकुलता एक. एडगर त्याला म्हणतो, चल, एकट्यानं फार एकटं वाटतं. आणि अ‍ॅलन जातो. पुढं जन्मभर, म्हणजे या लोकांच्या हिशेबानं जन्मभर, त्याला वाटत राहतं की आपण तिच्या जागेवर आलोय.

इथं रेवानं मला गाठलं. भाकरी थापत होते. ‘आई, तू पो झालीस तर मला नेशील?’

मी म्हटलं, ‘छे! तुला दोनशे वर्षं नववीत ठेवू? दोनशे वर्षं बीजगणित?’

हसली नाही. ‘मग कुणाला नेशील? बाबांना?’

‘त्यांची कंबर दोनशे वर्षं कोण शेकणार? शमीमावशीला नेईन.’

तोंडातून गेलं. विचार करून नाही, पीठ मळताना गेलं. ती जरा वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे मी म्हातारी होऊन मरेन आणि तू बघत बसशील.’

शमे, मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचत नाहीये. तिला म्हणायला हवं होतं की तुला थांबवायचं नाहीये मला, तुझी वाढ बघायचीय. पण तिनं बरोबर दुसऱ्या टोकाला बोट ठेवलं. शिवाय पुढच्या महिन्यात तिला १५ वं पूर्ण होतंय. ‘आता मी एडगरपेक्षा मोठी होणार,’ असं परवा आरशाला सांगत होती. हिला मोठं व्हायचंच नाहीये की काय, हे मला रात्री छळतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, चित्रांची पुस्तकं बंद करा. म्हणजे तुलाच सांगणं आलं.

आणि तुझंच नाव का आलं? मी विचार केला. प्रेमबिम म्हणू नकोस. एडगरनं अ‍ॅलनला नेलं आणि दोघं सारखे भांडत, रुसत राहिले. ते वाचताना मला बरं वाटत होतं. तू दोनशे वर्षांनीही सहलीच्या बसमधल्या खिडकीवरून मला ऐकवशील. बाकी कुणाबरोबर मला इतका वेळ काढता येणार नाही. फक्त आपण ४७ ला अडकणार, चष्म्यासकट, हे मात्र वाईट.

तू निखिलला काय सांगितलं असतंस, ते मला लिही. किंवा नको, थेट रेवालाच लिही, पाकिटावर तिचं नाव घाल. तुझं ती ऐकेल. आणि तुला माझ्याबरोबर यायचं नसेल तर तसंही लिही, कारणासकट.

निखिलची बारावी कशी गेली? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं असेलच. नवं घर नागपूरला घेतलंत त्याचे फोटो रेवानं दाखवले, ओटा छान आहे.

तुझी,
वसू

ता. क. लिंबाचं लोणचं सुमीच्या भावाबरोबर पाठवतेय. बरणी परत हवी, मागची अजून तुझ्याकडेच आहे.