चौथा नट

मुलुंड, मुंबई
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. तुझा फोन आला तेव्हा मी पानावर बसलो होतो, म्हणून नीट बोलणं झालं नाही. पण फोन ठेवता ठेवता तू जे बोललास ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही. "पहाटे उठून, रात्री जागून त्या फॉर्म्युला वनच्या रेसा बघतोस, त्याचा तुझ्या गाडीला काय उपयोग?" हसत बोललास, तरी लागलं लेका. फोनवर उत्तर दिलं असतं तर मध्येच तोडलं असतंस. म्हणून पत्र. आता निमूट वाच.

आधी गाडीबद्दल अभिनंदन. सेकंडहँड घेतलीस हे उत्तमच केलंस. नवी गाडी घेऊन पहिला ओरखडा पडेपर्यंत जीव मुठीत धरून चालवण्यापेक्षा हे बरं. चिपळूणच्या माणसाला पुराचं मी काय सांगणार, २०२१ चा जुलै तू छातीभर पाण्यात काढलायस. पण तरी गाडी पुरात बुडालेली नाही ना हे बघायला एक काम उद्या सकाळी कर. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ आणि अगदी आतल्या टोकाशी चिखलाचा डाग दिसतो का बघ. गाडी धुतात, सीट शॅम्पू करतात, अत्तराची बाटली लटकवतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या पोटात कुणी शिरत नाही. सीटखालच्या रुळांवर गंज असेल तरी मला कळव.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. गेल्या महिन्यात आमच्या हिच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता पनवेलला. आम्ही सगळे नटूनथटून निघालो. ऐरोलीचा पूल उतरून ठाणे-बेलापूर रोडला लागलो आणि रबाळ्याच्या पुढे स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघतो तर पुढचं डावं चाक बसलेलं. आठच दिवसांपूर्वी चारही टायर नवे टाकले होते, आणि त्यात हा एवढा खिळा. म्हटलं ठीक आहे, दहा मिनिटांचं काम. स्टेपनी काढली, पाना काढला, आणि जॅक लावायच्या आधी नट ढिले करायला घेतले. हे तुलाही सांगून ठेवतो. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट ढिले करायचे. वर उचलल्यावर नटाबरोबर चाकच फिरतं आणि गाडी जॅकवर डुलते.

पहिला नट पान्यावर उभं राहिल्यावर सुटला. दुसरा, तिसरा तसेच. चौथा हलेचना. मी पान्यावर उड्या मारतोय, शर्टाला घाम, ही पैठणीत रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभी, आणि मुलगी व्हिडिओ काढतेय. शेवटी पाना सटकला आणि नटाचे कंगोरेच गेले. गुळगुळीत गोटी झाली त्याची.

टायरवाल्या पोराने हवेच्या गनने टर्रर्र करून चारही नट आवळले होते. मी समोर उभा राहून बघत होतो, आणि पायाशी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या ताणाइतकाच नट आवळणारा पाना, असूनही त्याने तो वापरला नाही, हे दिसत असून गप्प बसलो. चूक त्याची अर्धी, अर्धी माझी. आपल्या छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. नट जास्त आवळला की तो जास्त घट्ट बसतो असं नाही, आतला स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो आणि एक दिवस तुटतो.

आणि पक्या, त्या क्षणी मला कोण आठवलं असेल? फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर वाल्टेरी बोटास! मोनाकोची रेस, मे २०२१. लॉकडाऊनचे दिवस, रविवारची संध्याकाळ. बोटास मर्सिडीजमध्ये दुसऱ्या नंबरवर, टायर बदलायला आत आला. त्यांच्या चाकाला आपल्यासारखे चार-पाच नट नसतात, मधोमध एकच मोठा नट. सगळं नीट झालं तर चारही चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलून होतात. मॅकलारेनने २०२३ मध्ये कतारला १.८० सेकंदात केलंय. तर इथे पुढच्या उजव्या चाकावर गन किंचित तिरकी बसली आणि नटाचे दातच खरवडून निघाले. चार जण झटतायत, नट ढिम्म. रेस तिथेच संपली. ते चाक निघालं दोन दिवसांनी, इंग्लंडमधल्या त्यांच्या कारखान्यात. जगातली सगळ्यात भारी टीम, आणि अडकली एका नटाने! रबाळ्याला मी त्याच पंगतीत बसलो म्हणायचं.

आमची सुटका केली पुढच्या वळणावरच्या पंक्चरवाल्याने. जरा लहान मापाचा सॉकेट त्याने हातोडीने त्या गोटीवर ठोकून बसवला, पान्याला तीन फुटी पाईप अडकवला आणि वजन टाकलं. "कटाक्" असा आवाज आला की मला वाटलं स्टड गेला. नट निघाला होता. मग डालड्याच्या डब्यातून शोधून जुना नट काढला, आधी हाताने फिरवून आटे बसलेत का बघितलं, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, आणि म्हणाला, "साहेब, पन्नास किलोमीटर झाल्यावर परत बघा." मी त्याला हात जोडायचेच बाकी होते. हे असं काम मी फक्त टीव्हीवर बघितलंय. हवं तर त्यालाच माझं उत्तर समज.

तू म्हणशील, रेस म्हणजे वेग. मीही तसंच समजायचो, २०११ पर्यंत. आठवतंय ना, ग्रेटर नोएडाला झालेली फॉर्म्युला वनची रेस, आणि तुझ्या मावसभावाच्या नोएडाच्या घरी आपण चौघे एका खोलीत? शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर कुत्रं शिरलं आणि गाड्या थांबवाव्या लागल्या, तेव्हा तू म्हणालास, "चला, आपल्याच देशात आहोत." रविवारी सुरुवातीआधी एक मिनिट शांतता पाळली होती, वेल्डन हा कारचा आणि सिमोनचेली हा मोटरसायकलचा रेसर, दोघेही त्याच महिन्यात रेसमध्ये गेले होते. एवढा जनसमुदाय आणि चिडीचूप. आणि मग २४ गाड्यांची ती व्ही-८ इंजिनं, १८,००० आरपीएमला. तू कानात कापूस घालायला विसरला होतास आणि दोन दिवस "काय? काय?" करत होतास. फेटल पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे, तसं बघितलं तर कंटाळवाणी रेस. पण मला जे राहिलं ते शनिवारचं. मोठ्या पडद्यावर पिटमधला, म्हणजे रेसमध्ये चाकं बदलतात त्या जागेतला, सराव दाखवत होते. चाक काढ, चाक घाल, परत काढ, परत घाल. माणसं तीच, हात तेच, शंभर वेळा. वेग हा त्याच्या नंतर येतो रे.

आणि २०१३ ला टीव्हीवर बघितलेलं विसरलो नाही. फेटलने चौथं विजेतेपद तिथेच नक्की केलं, प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवली, खाली उतरला आणि गाडीपुढे गुडघे टेकून वाकला. दंड झाला, २५,००० युरो. नुकताच दसरा होऊन गेला होता. आई शेजारी बसून वाती वळत होती. म्हणाली, "बघ, शहाणा मुलगा आहे. तू नुसता झेंडूचा हार घालतोस, चाकाखाली लिंबू ठेवतोस आणि वर्षभर बोनेट उघडत नाहीस." तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी बोनेट उघडतो. ऑइलची पट्टी, कूलंट, वायपरचं पाणी. पाच मिनिटं. हवा मात्र पंपावर जाऊन भरण्याआधी घरीच मोजतो, गाडी रात्रभर उभी असताना. चालवून गरम झाल्यावर आकडा तीन-चार पीएसआयने वर जातो आणि पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट ३५ भरतो. तुझ्या गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला सापडेल.

टायरचं आणखी एक. खाचांच्या आत रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, बदलायचा. "अजून एक पावसाळा निघेल" हे म्हणायचं नाही. हॅमिल्टनच्या टीमने २००७ मध्ये चीनला तेच केलं, अजून दोन फेऱ्या, अजून एक फेरी. टायर आतल्या कापडापर्यंत गेला, पिटमध्ये वळताना गाडी घसरून खडीत रुतली, आणि वर्षाच्या शेवटी विजेतेपद एका गुणाने गेलं. एका!

क्लचबद्दल तुला सांगायची गरज नाही, तू मला ओरडतोस ते बरोबर आहे. जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) चढावर संध्याकाळी सात वाजता माणूस अर्धा क्लच दाबूनच उभा असतो. हँडब्रेक ओढायचा आळस. नंतर तो जळका वास येतो आणि आपण बाजूच्या रिक्षाकडे बघतो. २००१ ला बार्सिलोनात हाकिनेन शेवटच्या फेरीत चाळीसेक सेकंदांनी पुढे होता आणि क्लच गेला. शूमाकर जिंकला, आणि हाकिनेन बिचारा कूल्टहार्डच्या गाडीवर बसून परत आला. मुलुंडला क्लच गेला तर मला टेम्पोने सुद्धा कुणी आणणार नाही.

तुझ्यासाठी क्लचपेक्षा ब्रेक महत्त्वाचे, कारण तू कुंभार्ली घाटाने कराडला जाणार. ब्रेक ऑइल बदललंय का ते जुन्या मालकाला विचार, आणि त्याने "हो हो" म्हटलं तरी बदलून घे. हे ऑइल हवेतली ओल पितं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायलेलं १५५ लाच उकळतं. उकळलं की बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजावर पाय ठेवल्यासारखं खाली जातं. रेसच्या गाड्यांच्या कार्बनच्या डिस्क १,००० अंशांपर्यंत तापतात, त्यांच्यामागे वारा घालायला खास नळ्या असतात. आपल्यामागे कुणी नाही. म्हणून उतारावर दुसरा गिअर, आणि ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही. न्यूट्रलवर घाट उतरून पेट्रोल वाचवणारे तुझे काका, त्यांच्या शेजारी मी यापुढे बसणार नाही.

पावसाचं बाबांकडून शिकलो. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. बाबांची पद्मिनी कलिन्याला पाण्यात दोन दिवस उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, आणि कुर्ल्याच्या शेजारीच बुडाली. पाणी उतरल्यावर आजूबाजूचे सगळे चाव्या फिरवायला धावले. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाबांनी चावी खिशातच ठेवली. चारही प्लग काढले, हँडलने इंजिन हळूहळू फिरवलं, भोकांतून कारंजी उडाली. ऑइल सोडलं तर चहात दूध घातल्यासारखं. दोनदा नवं ऑइल भरून काढलं, प्लग वाळवले आणि तिसऱ्या दिवशी गाडी खोकत खोकत सुरू झाली. त्या गल्लीत एकटीच. टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनी २०२३ ला रस्त्यावरून गेल्या तेव्हा बाबा नव्हते, ते बरंच झालं. त्यामुळे हिंदमाताला पाणी साचलेलं दिसलं की मी गाडी वळवतो, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

हल्ली रात्री कोस्टल रोडकडून गाड्यांचे आवाज येतात अशी माझी दादरची बहीण तक्रार करते. सायलेन्सर कापून शर्यती लावणारी पोरं. त्यांना रेसिंगवाले म्हटलं की माझं डोकं फिरतं. खऱ्या ट्रॅकवर प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो, डॉक्टर गाडीत बसून तयार असतो. हे तर हवा सुद्धा तपासत नसतील. करिवर्धन यांनी कोइम्बतूरला मारुती ८०० चं इंजिन लावून रेसच्या गाड्या बनवल्या, त्यात शिकून पोरं पुढे गेली. नारायण कार्तिकेयन २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये पोचला, आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला त्याच्या खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये रेस जिंकला. हौस असेल तर तिथे जा म्हणावं.

असो, बारा वाजत आले, ही दोनदा दिवा बंद करून गेली. गणपतीत येतोय, पाचव्या दिवसापर्यंत आहे. टॉर्क रेंच घेऊनच येतो, तुझे सोळाही नट मी आवळणार. तोवर एक काम कर. डिकीतली स्टेपनी बाहेर काढ. तिच्या कडेवर लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतील. पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते मला कळव. शेवटचे दोन १५ किंवा १६ निघाले तर ती स्टेपनी नाही, शोभेची वस्तू आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझा,
बंड्या

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात खाली जाऊन आलो. उंदराने माझ्या गाडीची वायर परत खाल्ली. बोनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवायला सांगितल्या होत्यास ना? त्याही खाल्ल्या.