बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात ठरावीक तक्रारींच्या गाड्या लागतात. सेल्फ नुसता टकटक करतो, हेडलाइट पिवळट पडतो, हॉर्न बसतो, वायपर अर्ध्यात अडकतो. बऱ्याच ठिकाणी इलाजही ठरलेला असतो. आधी बॅटरी बदलायची, नाही जमले तर सेल्फ, तरीही नाही तर डायनॅमो. गिऱ्हाइकाच्या हजारो रुपयांचा चुराडा होतो आणि दोष मात्र अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीची मायनस बाजू बॉडी-इंजिनाला जोडणाऱ्या वाटेच्या, एखाद्या गंजलेल्या बोल्टाखाली तसाच राहतो. आम्ही गाड्यांच्या वायरिंगचे काम शिकवतो. भाग बदलण्याआधी मोजायचे, आणि तेही करंट वाहत असताना मोजायचे, ही सवय आपल्याकडे अजून रुळलेली नाही. वाहनमालक आणि गॅरेजवाले या दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे थोडे तपशिलात लिहीत आहोत.

सुरुवात बॅटरीपासून करावी, पण ती नीट. गाडी नुकतीच चालून आली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर (मल्टीमीटर) खोटा आकडा दाखवतो. हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करा, थोडे थांबा, मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून प्रोब, म्हणजे मीटरच्या तारांची टोके, टेकवा. प्रोब केबलच्या क्लॅम्पवर नको, थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबावर हवा. १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. १२.० दिसले म्हणून बॅटरी मेली असे होत नाही. ती आधी पूर्ण चार्ज करून मगच तिचा निवाडा करावा.

खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, एकाला चावी फिरवायला सांगा आणि बॅटरीच्या खांबांवरचा आकडा बघा. आकडा ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. तो १०-११ च्या दरम्यान राहिला आणि इंजिन जोमात फिरले तर दोन्ही ठीक आहेत. तिसरा प्रकार मात्र सगळ्यांत बोलका आहे आणि त्याकडेच दुर्लक्ष होते. चावी फिरवली, सेल्फ फिरला नाही, तरी आकडा १२.३ वरून हलला नाही. म्हणजे बॅटरीतून मोठा करंट निघतच नाही. अशा वेळी नवी बॅटरी बसवूनही सेल्फ फिरणार नाही, कारण वाट मध्येच कुठेतरी तुटलेली आहे.

वाट कुठे तुटली ते शोधायची रीत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहताना वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजणे. लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर, काळा सेल्फच्या मोटारीकडे जाणाऱ्या जाड बोल्टावर ठेवा आणि सेल्फ मारा. मीटर जो आकडा दाखवेल तितके व्होल्ट केबल, जोड आणि सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या चुंबकी स्विचच्या) कॉन्टॅक्टमध्ये वाया जात आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. मग अर्थिंगची बाजू बघा. काळा प्रोब मायनस खांबावर, लाल सेल्फच्या बॉडीवर. इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट. इथेच दीड व्होल्ट दिसले तर चोर सापडला. आता लाल प्रोब एकेक टप्पा मागे आणा: सेल्फच्या बॉडीवरून इंजिन ब्लॉकवर, तिथून अर्थिंगच्या पट्टीच्या बोल्टावर, मग थिंबलवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर), मग क्लॅम्पवर. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा एकदम पडतो तोच जोड खराब. प्रत्येक वेळी सेल्फ पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये त्याला थंड होऊ द्या.

मीटर ओहमवर (रोध मोजायच्या जागी) ठेवून वायरीच्या दोन टोकांना लावला की बीप वाजते, म्हणजे वायर चांगली, असे कित्येक जण म्हणतात. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल आणि जोडात ०.०१ ओहम रोध असेल तर १५० × ०.०१ = १.५ व्होल्ट तिथेच गळून पडतात. साध्या मल्टीमीटरच्या नुसत्या प्रोबच्या तारांचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. ०.०१ ओहम त्याला दिसणारच नाही. शिवाय केबलच्या शेकडो तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी बीप वाजते.

रिकाम्या वायरवर व्होल्ट मोजतानाही हीच फसगत होते. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, तो करंट जवळपास घेतच नाही. त्यामुळे गंजून एका धाग्यावर आलेली वायरही १२.५ व्होल्ट दाखवते. तोटी बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो, धार किती ते उघडल्यावर कळते, तसेच हे. म्हणून हेडलाइट, हॉर्न, पंखा, फ्युएल पंप अशा जाड वायरींवर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट लावून बघावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. बल्ब झगझगीत पेटला तर वायर खरी, मिणमिणला तर तिचे व्होल्टेज कुठे गळते ते मीटरने शोधावे. हाच बल्ब सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीवर किंवा ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) पिनवर मात्र कधीही लावू नये. तिथे फक्त मीटर.

हेडलाइटबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण त्याचा संबंध रात्रीच्या जिवाशी आहे. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू, लाइट लावलेला, बॅटरीवर १४.२ आणि बल्बच्या होल्डरवर ११.८, अशी स्थिती जुन्या गाड्यांत नेहमी दिसते. यावर लोक १०० वॉटचा बल्ब टाकतात. मग करंट वाढतो, त्याच बारीक वायरीत गळतीही वाढते, होल्डर वितळतो आणि प्रकाश मनासारखा मिळत नाहीच. उपाय म्हणजे मूळ वॉटचाच बल्ब, साफ अर्थिंग आणि गरज पडल्यास बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी वायर घेऊन रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच).

चार्जिंग बघताना इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. हल्लीच्या काही गाड्यांत मायनस क्लॅम्पवर बॅटरी सेन्सर असतो आणि ईसीयू इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम खाली आणतो. अशा गाडीत १२.८ दिसले म्हणून डायनॅमो उतरवू नये. हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून आकडा वर जातो का ते बघावे. मीटर एसी व्होल्टवर फिरवून बॅटरीवर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसले तर डायनॅमोतला डायोड गेला आहे. मोटारसायकलींत स्टेटरच्या (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या गुंडाळीच्या) बहुधा तीन पिवळ्या तारा असतात. कनेक्टर सोडवून इंजिन चालू असताना दोन-दोन तारांमध्ये एसी मोजा, तिन्ही जोड्यांत सारखे यायला हवे. इंजिन बंद करून कोणत्याही तारेतून बॉडीला कंटिन्यूटी (सलग जोड) दिसता कामा नये.

रात्रीत बॅटरी उतरते, ही तक्रार आता फार वाढली आहे. मागून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, चिकटलेला रिले, डिकीचा न विझणारा दिवा, ही नेहमीची कारणे. तपासणी अशी. बॉनेट उघडे ठेवा, दाराचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दाबून 'बंद' करा म्हणजे गाडीला दार लागल्यासारखे वाटेल, गाडी लॉक करा, रिमोट चावी लांब ठेवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर मायनस खांब व मायनस क्लॅम्प यांच्यामध्ये घ्या. प्रोब आधी दोन्हीकडे टेकवून मग क्लॅम्प उचलला तर कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) पुन्हा जागे होत नाहीत. कंट्रोलर झोपी जाईपर्यंत वीस ते चाळीस मिनिटे थांबा. ही वाट न बघितल्यामुळेच चांगल्या गाड्यांना नाहक दोष चिकटतो. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत करंट राहिला तर ठीक. अर्धा अँपिअर राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची (एएच) बॅटरी तीन दिवसांत पार झोपते.

गळती कुठे आहे ते शोधायला फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून लावला की त्यावरचा कंट्रोलर जागा होतो आणि हिशेब बिघडतो. ब्लेड फ्यूजच्या माथ्यावर दोन छोटे धातूचे ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोघांवर प्रोब टेकवा. शून्य म्हणजे करंट नाही. १० अँपिअरच्या फ्यूजवर ०.८ मिलिव्होल्ट दिसले तर त्यातून साधारण १०० मिलिअँपिअर जातो आहे. मीटर मध्ये जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. काम झाल्यावर लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती अँपिअरमध्ये विसरून बॅटरीला प्रोब लावले तर सरळ शॉर्ट होतो. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) घ्यायचा तर डीसी मोजणारा घ्या. घरगुती वायरिंगवाल्यांचा स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतो.

दोन सवयी मात्र ताबडतोब बंद व्हायला हव्यात. वायर बॉडीला घासून ठिणगी पाहणे, आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून डायनॅमो तपासणे. दुसऱ्या प्रकारात चार्ज होत असलेली बॅटरी अचानक सुटते आणि वायरिंगमध्ये क्षणभर १०० व्होल्टच्या आसपास उसळी येऊ शकते. पूर्वीच्या डिझेल जीपला ते सोसत होते. १ एप्रिल २०२० पासून धुराचे प्रदूषण रोखणारे बीएस-६ नियम लागू झाले, आता स्कूटरमध्येही ईसीयू आहे आणि तो एका ठिणगीत जाऊ शकतो.

गाडीच्या ईसीयूतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर आला म्हणून मीटर निवृत्त होत नाही. स्कॅनरवर पी०५६२ आले की व्होल्टेज कमी आहे एवढेच कळते, कुठे कमी ते मीटरच सांगतो. पी०११३ हा कोड इनटेक हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा. वायर तुटली की स्कॅनरवर हवा उणे ४० अंश दिसते. दोन तारांचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढून त्या दोन तारा बारीक जंपरने जोडा. तापमान एकदम शंभराच्या वर गेले तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. उणे ४० वरच राहिले तर नवा सेन्सर आणूनही काही होणार नाही. चार-पाच तारांच्या सेन्सरवर हा प्रयोग वायरिंगची आकृती बघितल्याशिवाय करू नये. स्कॅनर गाडीशी बोलतच नसेल तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजा; कंट्रोलर ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात त्या इथे येतात, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक रोध असतो. बहुतेक गाड्यांत ६० यावेत. १२० आले तर एका टोकाचा रोध तुटला आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना लागल्या आहेत.

कोकणात खाऱ्या हवेमुळे तांबे इन्सुलेशनच्या आत हिरवे पडते. प्रोबची सुई वायरीत टोचली की तिथून पाणी शिरते आणि काही महिन्यांत वायर आतून खाल्ली जाते. कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजावे. टोचलेच तर भोक लगेच बुजवावे. अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, आवळा, ग्रीस त्यानंतर वरून लावा. हिरवी झालेली वायर लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे कापा, जोड क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. पीळ मारून काळी टेप गुंडाळली तर इंजिनाच्या उष्णतेने ती चिकट होऊन सुटते.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांवर ओहम मीटर वा बल्ब लावू नये. मीटरच्या स्वतःच्या करंटनेही धोका होऊ शकतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी केबलना त्याचे प्रशिक्षण नसलेल्याने, कॅट-३ १००० व्होल्टचा (उच्च व्होल्टेजसाठी सुरक्षित) मीटर आणि इन्सुलेटेड हातमोजे नसताना, हात लावू नये.

गॅरेजमालकांना आमची विनंती आहे की बॅटरी, सेल्फ किंवा डायनॅमो बदलताना बिलावर तीन आकडे लिहावेत: उभ्या गाडीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे आणि चार्जिंगचे. गाडीमालकांनी ते मागून घ्यावेत, आणि आकडे नसतील तर पैसे देण्याआधी समोर मोजून दाखवायला सांगावे.

आपले,
मोटार वाहन व ऑटो इलेक्ट्रिकल विषयाचे काही शिल्पनिदेशक,
रत्नागिरी